सुखदेव मिस्त्रीवरची कविता

सुखदेव मिस्त्रीला माणसांचं ऐकू येत नसे, मोटारीचं येई. विहिरीवरची दुरुस्त केलेली पाण्याची मोटार सुरू झाली की तो हातभर लांबीचा पेचकस घेई, त्याचं टोक बेरिंगच्या झाकणावर टेकवी, लाकडी मूठ कानामागच्या हाडाशी दाबून धरी आणि डोळे मिटून उभा राही. तेवढा वेळ दुकानात कोणी हलायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. मग डोळे उघडून तो म्हणे, "मागची बेरिंग खाऊन राह्यली," किंवा "ने इले, पाच साल पाह्यनं नाही." ते खरं निघे. तरुणपणी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांशेजारी उभं राहून राहून त्याचे कान गेले होते. डावा पूर्ण गेलेला, उजवा थोडा शिल्लक. उजव्या कानाशी तोंड नेऊन पोटातून आवाज काढला तर त्याला कळे. मी त्याच्या हाताखाली तीन वर्षांच्या वर मोटारी बांधायला शिकलो आणि त्याच काळात मी कवी झालो. दोन्ही गोष्टी त्या एकाच माणसाच्या जिवावर झाल्या.

दुकान शेलूबाजारात होतं, हमरस्त्यावरून बाजाराच्या गल्लीत वळलं की तिसरं, पत्र्याचं. रब्बी लागली, हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायची घाई झाली की लाईनचा दाब पडे आणि मोटारी जळत. बैलगाडीत, जीपच्या टपावर, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून त्या आमच्याकडे येत. जळलेल्या मोटारीला एक कडू-गोड वास असतो. तो कपड्यांतून जातो, कातडीतून जात नाही. आज इतक्या वर्षांनीही एखाद्या शेतातून तसा वास आला की माझी बोटं आपोआप आखडतात. जळलेली तार छन्नीनं तोडून काढायची, खाचा साफ करायच्या, त्यांत तपकिरी कागद घालायचा, लाकडी फर्म्यावर नव्या तांब्याच्या तारेचे फेरे मोजून कॉइल करायची आणि बांबूच्या पट्टीनं एकेक तार खाचेत बसवायची. मग दोऱ्यानं बांधून वार्निश पाजायचं. सगळं मोजण्यावर होतं. एक फेरा चुकला तर मोटार तापते, आणि दोन महिन्यांनी तीच मोटार शिव्यांसकट परत येते.

माझी कविता त्या मोजण्यातच येई. छपन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, आणि एकदम एखादी ओळ. हात फिरत राही, आकडा हरवे. मिस्त्रीला माझं मोजणं ऐकू येत नसे, पण समोर बसून तो माझ्या ओठांकडे पाही. ओठ थांबले की बांबूची पट्टी माझ्या बोटांच्या सांध्यांवर बसे. कडक बसे, हिवाळ्यात जास्त. मग तो विचारी, "आली का?" मी मान हलवी. "लिहून घे. अन् मंग सारं उकलून पह्यल्यापासून मोज." खाचेत घालायच्या कागदाचे तुकडे पडलेले असत, त्यावर मी पेन्सिलीनं ओळ लिहून खिशात टाकी. मारायचा आणि लिहायलाही द्यायचा, असा तो होता. त्या वयात मला फक्त मार आठवत राही.

घरी तर तेवढंही नव्हतं. आमचं घर आसेगावच्या बाजूला, मळ्यातच. बाबा वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावत. माय बाजाराच्या दिवशी पहाटेच जीपमध्ये टोपल्या चढवून शेलूबाजारला येई आणि आमच्या दुकानापासून तीसेक पावलांवर लिंबाच्या झाडाखाली बसे. घरात पहाटे बाबांचा खोकला, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि तव्यावर भाकर थापटल्याचा आवाज, या क्रमानं दिवस उघडे. भाकर, मिरचीचा ठेचा, हंगामात आंबाडीची भाजी. बाबा जेवताना बोलत नसत, आणि बोलले तर ते लागे. एकदा माझी कवितांची वही सापडेना. शोधता शोधता कोठीपाशी गेलो तर बाबा त्या वहीची पानं फाडून मेथीच्या बियांच्या पुड्या बांधत बसले होते. ते म्हणाले, "एका बाजूनं कोरी होती." माय चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा जाळ सारला.

माझ्या कवितांना मान देणारं एकच घर होतं, ते मिस्त्रीचं. दुकानाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. मिस्त्रीची बायको, तिला मी काकू म्हणे, रोज दुपारी डबा घेऊन येई. त्यात माझ्या वाटच्या दोन भाकरी असत. शनिवारी कढीगोळे करी, आणि मला आवडतात म्हणून माझ्या वाटीत दोन गोळे जास्त टाकी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी लिहितो याचं तिला अप्रूप होतं. त्यांची एकुलती मुलगी मंदा. मी कामाला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी ती एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली. बाजाराचा दिवस होता, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत ट्रकमध्ये चढून गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कोणी काढत नसे. मिस्त्री तीन दिवस दुकानात आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि एक जळलेली मोटार उघडून बसला.

मंगरूळपीरला एका उत्सवात कविसंमेलन होतं, त्यात मला पहिल्यांदा बोलावलं. मिस्त्रीला कळलं तेव्हा त्यानं आपला टेरिलीनचा पांढरा सदरा काकूकडून इस्त्री करून घेतला आणि मला दिला. खांद्यात सैल होता. मी कविता नेली होती मायवर, थंडीत दव पडलेली मेथी उपटताना तिच्या बोटांना पडणाऱ्या भेगांवर. दुसऱ्या कडव्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "मोटार बांध जा." लोक हसले. तिसऱ्या कडव्याला शिट्ट्या सुरू झाल्या. सूत्रसंचालन करायला एक प्राध्यापक होते. त्यांनी हळूच माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाले, "आमचे हे मित्र मोटारी छान बांधतात असं ऐकून आहे. कवितेची बांधणी मात्र जळालेली दिसते." हे सगळ्यांना फार आवडलं. खाली उतरलो तर तेच प्राध्यापक पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. लोकांना हसवा. तुमच्या बोलीत ती ताकद आहे, ती रडण्यात का घालवता?" दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं विचारलं, "कशी झाली?" मी त्याच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं, "चांगली झाली." त्यानं पेढे मागवले. मला तो पेढा गिळताना प्राध्यापकांपेक्षा मिस्त्रीचाच राग आला. ज्याच्यासमोर खोटं बोलावं लागलं त्याचाच माणसाला राग येतो, हे मला आता कळतं.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. दुकानात पाच-सात माणसं होती. एक शेतकरी सायकलवरून मोटार उतरवत दारातूनच पोटातून ओरडला, "मिस्त्री, मोटार जळाली." मिस्त्री पाठमोरा होता. त्यानं मान वळवली आणि विचारलं, "कोणासंग?"

कोणाला आधी कळलंच नाही. मग एकाला कळलं की 'जळाली'चं त्याला 'पळाली' ऐकू आलं, आणि तो हसला, आणि मग सगळे हसले. मिस्त्रीनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, मग सायकलवरच्या मोटारीकडे पाहिलं. काय झालं ते त्याला समजलं असावं, कारण तो एकदम खाली बसला आणि हातातून न पडलेलं काही शोधू लागला. वर्ष होत आलं होतं मंदा जाऊन. त्या कानात तेवढा एकच शब्द बसून राहिला होता. त्या दुपारी त्यानं डबा उघडला नाही. त्याच संध्याकाळी, जीपच्या मागच्या पायरीवर लटकून घरी जाताना, मी कविता लिहिली. लिहिली म्हणजे ती झालेलीच होती.

म्या म्हणलं, मोटार जळाली,
तो म्हणे, कोणासंग पळाली?
म्या म्हणलं, बेरिंग गेली,
तो म्हणे, मले सांगा, कधी मेली?

अशी चौदा कडवी. यमक जुळलं म्हणून लिहिलं, मंदाचा त्यात काही संबंध नव्हता, असं मी पुढं अनेक वर्षं सांगत आलो. मुलाखतीतही सांगितलं आहे. ते खोटं आहे. 'पळाली' शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ट्रकची पायरी होती, आणि लोक दुप्पट हसतील हे मला माहीत होतं.

शारदोत्सवात शेलूबाजारलाच व्यापाऱ्यांनी कविसंमेलन ठेवलं. दिवेलागणीची वेळ, बाजाराच्या मोकळ्या जागेत मंडप. मिस्त्री धुतलेला पायजमा घालून लवकरच आला आणि पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसला. काकू बायकांच्या सतरंजीवर. मी मंचावरून त्याला पाहिलं तेव्हा क्षणभर वाटलं, आज मायवरचीच म्हणावी. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि मागून मंगरूळपीरसारखाच आवाज आला, "मोटार." मी माईक हातात घेतला.

पहिल्या दोन ओळींना मंडप फुटला. यमकानं आणि मंदामुळं, दोन्ही कारणांनी फुटला, ते मला वरून दिसत होतं. माणसं आधी हसत, मग एकमेकांना कोपर मारून पहिल्या रांगेकडे बघत, आणि पुन्हा हसत. मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. त्याला एक अक्षर ऐकू जात नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की त्याचा कारागीर माईकवर उभा आहे आणि सगळा गाव हसून हसून वाकला आहे. तोही हसू लागला. मांडीवर हात मारून हसला. मागे वळून, लोक आपल्याकडेच पाहतात हे बघून, माझ्याकडे बोट करून त्यांना मोठ्यानं सांगू लागला, "माहा कारागीर हाये. माह्याच दुकानात हाये." त्यावर तर लोक खुर्च्यांवरून खाली आले. 'पळाली'ची ओळ मला तीनदा पुन्हा म्हणायला लावली. तिन्ही वेळा मी म्हटली. बायकांच्या बाजूला पाहिलं तर काकूनं पदर तोंडावर धरला होता. तीही हसते आहे असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

सकाळी मिस्त्रीनं विचारलं, "कायवर होती गा कविता?"

मी कानात ओरडलो, "मोटारीवर."

"मोटारीवर लोक एवढे हासतेत?" तो स्वतःशीच म्हणाला. "तीस साल झाले, मले कधी हासू आलं नाही."

दुपारी काकू डबा घेऊन आली. त्यात मिस्त्रीच्या वाटचंच जेवण होतं. माझ्याकडे न पाहता तिनं डबा ठेवला आणि ती गेली. मिस्त्रीनं आपल्यातली एक भाकर मला मोडून दिली. बाई घाईत विसरली असेल म्हणाला. मी ती खाल्ली. काकूनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं. मी पुष्कळ दिवस विचार करी, का सांगितलं नसेल. उत्तर साधं होतं. मिस्त्रीला काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे. 'तुमच्या पोरीवर कविता केली' हे तिनं त्याच्या कानात ओरडलं असतं तर भिंतीपलीकडच्या तिन्ही घरांनी ऐकलं असतं. तीच गोष्ट गावाची. मिस्त्रीला हळूच सांगता येईल अशी या जगात गोष्टच नव्हती, म्हणून सगळ्यांना माहीत असलेली ती गोष्ट एकट्या त्याला माहीत नव्हती.

मग बोलावणी सुरू झाली. वाशीम, कारंजा, पुढं अकोल्यापर्यंत. दिवसा खाचांत तारा बसवायच्या आणि चारच्या सुमाराला हात रॉकेलनं पुसून एसटी धरायची. मिस्त्री कधी नाही म्हणाला नाही. उलट घड्याळ पाहून तोच म्हणे, "जाय, गाडी सुटीन. राह्यलेल्या खाचा मी भरतो." त्या खाचा भरून झाल्यावर मी कुठल्यातरी मंडपात उभा राहून त्याची नक्कल करत असे. नक्कलही बसली होती आता, मान कशी वळवतो, उजवा कान कसा पुढं करतो. एकदा दुकानात बसल्या बसल्या त्याला कान पुढं करताना पाहिलं आणि मनात आलं, मी याच्यापेक्षा चांगलं करतो.

गावातल्या लोकांनी त्या कवितेचा खेळ केला. मोटार घेऊन येणारे मुद्दाम हळू बोलत, तो काय उत्तर देतो ते बघायला. मग कोणाला तरी नवीन सुचलं. मिस्त्रीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. मिस्त्री कान आणखी पुढं करी, कपाळाला आठ्या घालून ऐकायचा प्रयत्न करी, मग ओशाळून मान डोलावी. हळूहळू सगळेच तसं करू लागले. त्याची खात्री पटत चालली की राहिलेला कानही गेला. तो गप्प झाला. कोणी आलं की मला पुढं करून स्वतः आतल्या बाजूला सरके. एक दिवस मला म्हणाला, "अकोल्याले डॉक्टरकडं जाऊन यावं म्हणतो. आता काहीच येऊन नाही राह्यलं." तेव्हा मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडायला हवं होतं की तुमचा कान धडधाकट आहे, हे सगळे हरामखोर आहेत. मी एसटीत बसलो आणि पंधरावं कडवं लिहिलं.

आता लोक नुसते ओठ हालवतेत,
मिस्त्री आपली मान डोलवते.

बाजाराचा दिवस होता. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. माय लिंबाखाली टोपल्या मांडून बसली होती. एक ओळखीचा माणूस आला, मोटार न आणताच, नुसता गंमत करायला. मिस्त्रीच्या कानाशी गेला आणि ओठ हलवू लागला. मिस्त्री वाकून, डोळे बारीक करून ऐकत होता. तेवढ्यात हमरस्त्यावरून गल्लीत घुसू पाहणाऱ्या एका जीपनं जोरात हॉर्न दिला. मिस्त्री दचकला. त्यानं जीपकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं, त्याचे ओठ अजून हलतच होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो. चेहरा सावरायला मला वेळ मिळाला नाही.

"जीपचं आलं ऐकू," मिस्त्री म्हणाला. "याचं काहून येत नाही?"

तो माणूस आता मोठ्यानं हसून, माझ्याकडे बोट दाखवत, त्याच्या कानात ओरडला, "दिन्याले इचारा. त्याची कविता हाये तुमच्यावर."

मिस्त्रीनं हात पुसले. दारातल्या फळीवर बसलेली माणसं उठवली, मला तिथं उभं केलं आणि स्वतः खाली खुर्चीवर, उजवा कान माझ्याकडे करून बसला.

"म्हण," म्हणाला.

"मिस्त्री, गिऱ्हाईकं हायेत."

"म्हण. मोटारीवरची."

मी पुटपुटलो. "नाही आलं," तो म्हणाला. मी जरा मोठ्यानं म्हटलं. "नाही आलं." ते खरंच ऐकू आलं नव्हतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. तिसऱ्यांदा मी पोटातून आवाज काढला. मंडपात माईकवर कधी काढावा लागला नव्हता असा आवाज. म्या म्हणलं, मोटार जळाली, तो म्हणे, कोणासंग पळाली. गल्लीतून जाणारे थांबले. बांगडीवाल्यापाशी कोणी हसलं, आणखी दोघं-तिघं हसले. मग पाहिलं असेल की मिस्त्री समोरच बसला आहे आणि या वेळी त्याला ऐकू येतं आहे. हसणं थांबलं.

"पुन्हा."

मी पुन्हा ओरडलो.

"पुढं."

पंधराही कडवी त्यानं ओरडून घेतली. एकेक ओळ. कुठंही मान हलवली नाही. एका ठिकाणी माझा घसा बसला तर उठून माठातलं पाणी दिलं आणि पुन्हा कान पुढं करून बसला. ओठांचं कडवं आलं तेव्हा तो खेळ करणारा माणूस गर्दीतून सटकला. शेवटची ओळ झाली तेव्हा बाजारात भाव सांगणारा आवाजही नव्हता. मायच्या दिशेला बघायचं मला धाडस झालं नाही.

मिस्त्रीनं पुढं केलेला कान मागं घेतला. मग म्हणाला, "माहं नाव नाही यात."

मी मान हलवली.

"पोरीचं बी नाही."

"नाही."

"तिचं नाही टाकलं ते बरं केलं. माहं टाक. लोक हासून राह्यले तं कोणाले हासून राह्यले, ते तरी त्याहिले समजू दे." एवढं बोलून तो उठला, अर्धवट भरलेली मोटार माझ्यापुढं सरकवली. "नऊ खाचा राह्यल्या. भर."

संध्याकाळी जीपमध्ये माय माझ्याशेजारीच बसली होती, रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन. घरी आल्यावर भाकर वाढताना म्हणाली, "तुहा आवाज एवढा मोठा हाये, मले आज समजलं. मिस्त्रीले दोन शब्द बोलाचे तं कधी निघत नोहता." बाबांनी विचारलं काय झालं, तर तिनं सांगितलं नाही.

होळीपर्यंत मी त्या दुकानात राहिलो. मिस्त्रीनं मला काढलं नाही, मारलंही नाही. बोटांवर पट्टी बसायची बंद झाली. माझा फेरा चुकला तर तो बघे आणि तसाच चुकू देई. कनेक्शन जोडायची वेळ आली की पाठ करून बसे. थ्री-फेजच्या जोडणीतलं जे त्याला येत होतं ते मला शिकायचं राहिलं, ते कायमचं. दुसऱ्यांकडे शिकलो, पण पेचकस हाडाला लावून मला कधी काही ऐकू आलं नाही. मी मंगरूळपीरला स्वतःचं दुकान टाकलं. आणि त्यानंतरच्या पहिल्याच संमेलनात मी कवितेत त्याचं नाव टाकलं. म्या म्हणलं, सुखदेवभाऊ, मोटार जळाली. नाव आल्यावर ओळ लयीत अधिकच बसली. लोक आधीपेक्षा जास्त हसले. त्यानंच सांगितलं होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि त्या कवितेवर मी पंचवीस वर्षं शाली घेतल्या.

पुढं ती सुटली. पश्चात्तापानं सुटली असं लिहायचा मोह होतो आहे. बोअरमध्ये बुडवायच्या मोटारी आल्या, बैलगाडीत मोटार घालून मिस्त्रीकडे नेणारी पिढी म्हातारी झाली, तरुण पोरांना ती ओळ समजेना. मी मोबाईलवर एक नवी कविता केली होती, तिला हशा जास्त मिळे. म्हणून सोडली. एवढंच.

मिस्त्री गेल्याचं मला दोन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मी शेलूबाजारला गेलो. मागच्या गल्लीतल्या त्याच दोन खोल्या. काकू ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत बसली होती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी मला आवाजावरून ओळखलं. बस म्हणाली. आतून एका बाईनं पाणी आणून ठेवलं, पन्नाशी उलटलेली, केस पिकलेली. ठेवून लगेच आत गेली.

"मंदा," काकू म्हणाली. "बाप गेल्यावर आली."

मी म्हणालो, "आधी नाही आली कधी?"

"तिचा निरोप येत राहे. येऊ का म्हणे. यानं येऊ देल्ली नाही." काकूचे हात तुरीवरून फिरत होते. "मले म्हणे, कविता चालू हाये तोवर नोको आणू. लोक तिच्या तोंडावर हासतीन. दरसाल मी इचारो, आता आणू का. तो म्हणे, दिन्यानं सोडली का पाह्य पह्यले. लोक म्हणतेत तं म्हणू दे, ज्यानं लिहिली त्यानं सोडली की आण तिले. मी कोणाले इचारू? म्या त्याले म्हणो, दिन्या म्हणतच असन."

"काकू," मी म्हणालो, "मी ती कविता केव्हाच सोडली."

"केव्हा?"

मी मनात मोजलं. "बारा-तेरा वर्षं झाली."

तिचे हात थांबले. तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग ज्या बाजूनं माझा आवाज आला होता त्या बाजूला तोंड केलं.

"मंग येऊन सांगाचं होतं," ती म्हणाली.

मंगरूळपीरहून शेलूबाजारला जीपनं अर्धा तास लागतो.